महिना भरू दे, एस्तर

एस्तर, उद्या तुझ्या नातीला महिना पूर्ण होतो, आणि मला कालपासून घास गिळवत नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "कमल, हे भेव नाई, पित्त आहे." जन्मभर नर्स होतीस. दुसऱ्याच्या भीतीवर तुझ्याकडे गोळी असायची. तुझ्या स्वतःच्या एका भीतीवर मात्र नव्हती, आणि ती भीती दोघींनाच माहीत होती, तुला आणि मला. तुला माती देऊन आलो तेव्हापासून ती एकट्या माझ्या पदरात आहे.

बगीच्यातल्या खोलीत बसून लिहिते आहे, संत्र्याचे खोके रचलेले असतात तिथं. घरात लिहायला बसले की सून विचारते, "आई, काय लिहून राहिल्या?" काय सांगू तिला? शाळा मी पाहिली ती लेकरांना सोडायला गेले तेवढी. अक्षरं शिकले ती खताच्या पोत्यांवरून आणि देवळातल्या पोथीवरून, म्हणून जशी बोलते तशीच लिहिते. तुला चालायचं. हे कुणाला छापायला द्यायचं की चुलीत घालायचं, ते उद्यानंतर बघू.

तुझी बाकीची माहिती तुझ्या मुलानं, विजयनं, चर्चमध्ये सांगितली. सौंसरच्या दवाखान्यात किती बाळंतपणं केलीस, लोक कसे तुझं नाव विचारत यायचे. खरंच सगळं. माझी दोन्ही लेकरं तुझ्याच हातावर आली. पण त्याच्या बोलण्यात नदी नव्हती. कशी असेल? नदीवर आपण दोघीच होतो.

विजय तेव्हा शाळकरी पोर. रामाकोन्याच्या पलीकडच्या खेड्यात तुझ्या बहिणीकडे गेला होता, आणि एका वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरवर बसून परत येणार होता. वर कुठं तरी पाणी पडलं, नदी फुगली, आणि कुणी तरी दवाखान्यात येऊन बोलून गेलं की वऱ्हाडाचा ट्रॅक्टर रपट्यावरून वाहून गेला. रपटा म्हणजे काय, तर पाण्याला टेकलेला बुटका पूल, वर ना कठडा ना काही. आपण पोचलो तेव्हा रपटा दिसतच नव्हता. नुसतं मातकट पाणी, आणि त्यातून गोल गोल फिरत जाणारं कुणाचं तरी कुडाचं फाटक.

तू रडली नाहीस. डोक्यावरून पदर घेतलास, पाण्याकडे तोंड केलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "माह्या विजयले परत दे. त्याचं पहिलं लेकरू तुले देईन."

तुझा हात माझ्या हातात होता. मी तो करकचून दाबला, तू पुढं बोलू नयेस म्हणून. आमच्याकडे नवस बोलायचा तर म्हाताऱ्या बाया पायरीवर उभं राहून शब्द मोजतात. नारळ तर नारळ, खण तर खण, आणि कोणत्या पुनवेला तेही. उघडा शब्द देवापुढे कुणी ठेवत नाही. तुमच्यात नवस नाही, म्हणून तुला नवस बोलता आला नाही गं. शेजारणींचं ऐकून ऐकून तोंडात बसलेलं ते बाहेर आलं, आणि मोजमाप करायचं राहून गेलं. देईन म्हणालीस. कसं देईन, ते म्हणालीच नाहीस.

दुपारी कळलं की विजय ट्रॅक्टरवर चढलाच नव्हता. मावशीच्या परसात पेरूच्या झाडावर बसला होता. वऱ्हाड पाण्याआधीच उतरलं होतं, ट्रॅक्टरवर एकटा ड्रायव्हर होता, तो पोहून निघाला, त्यालाही काही झालं नाही. पाणी उतरल्यावर पोराला आणलं, तू त्याला आधी एक थापड दिलीस आणि मग उराशी धरलंस.

परतताना पोर पुढं पळालं तेव्हा मी म्हटलं, "एस्तर, पोट्टं पाण्यात नव्हतंच. मंग देवानं परत काय देलं? नवस लागू होत नाई."

तू पोराच्या पाठीकडे बघत चालत होतीस. मग म्हणालीस, "मी बोलली तवा मले माहीत नव्हतं. त्याले माहीत होतं. त्यानं आयकून घेतलं आन् गप्प राह्यला."

तुझं ते "गप्प राह्यला" मला तेव्हापासून ऐकू येतं.

पुढं विजय मोठा झाला, पांढुर्ण्याला तहसील ऑफिसात बाबू म्हणून लागला, तू रिटायर होऊन त्याच्याकडे राहायला गेलीस. लोधीखेड्याची रीना सून होऊन आली. वर्षं गेली, पाळणा हलेना. मोहल्ल्यातल्या बाया तुझी स्तुती करायच्या, "एस्तरबाई किती समजदार सासू आहे, सुनेले एका शब्दानं विचारत नाई." मी ऐकायची आणि चहा ढवळत बसायची.

मग मागच्या वर्षी तुझा फोन आला. "कमल, झालं."

मला वाटलं कुणी तरी गेलं. "कोण गेलं?"

"रीनाले दिवस गेले," म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

मी दुसऱ्याच दिवशी सौंसरहून बस धरली. तू ओसरीवर बसली होतीस, मांडीवर बायबल, आणि अंगणातलं संत्र्याचं झाड, मी दिलेलं, फुलांनी नुसतं लगडलं होतं. अवेळी. ना अंबिया बहाराचे दिवस, ना मृगाचे. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "पाहा बाई, नातू येनार म्हून झाडाले बी आनंद झाला." मी हसले. संत्र्यात जन्म गेला माझा, मला माहीत होतं ते झाड असं का फुलतं. मुळाला रोग लागला, झाडाला मरण दिसलं, की ते एकदा अंगभर फुलून घेतं. तुला मी ते सांगितलं नाही. तू मात्र माझ्या तोंडाकडे बघून विचारलंस, "काय वं?" मी म्हटलं, "काई नाई, सुगंध चांगला आहे."

त्या दिवशी तू मला ती गोष्ट वाचून दाखवलीस. माझ्यासारख्या परक्या माणसालाही ती एकदा ऐकली की विसरता येत नाही. एक सरदार लढाईवर निघाला. त्यानं देवाला शब्द दिला, मला जिंकून परत आण, घरी आल्यावर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुला वाहीन. जिंकला. घरी आला. आणि दारातून पहिली बाहेर आली ती त्याची एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत.

"मंग?" मी विचारलं.

"मंग त्यानं आपला शब्द पाळला, एवढंच लिवलं आहे. कसा पाळला ते नाई." तू चष्मा काढलास. "मारली का जिती ठेवली, कमल? मले एवढंच पाह्यजे."

नवीन आलेल्या पास्टर साहेबांना तू आडून विचारलं होतंस. ते म्हणाले, "दीदी, ते जुन्या करारातलं आहे, आपल्याला लागू नाही." तू म्हणालीस, "लागू नाई तं छापलं कायले?" माणूस भला होता. त्यानंच सांगितलं की मोबाईलमध्ये एक संच मिळतो, जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनी ओळीओळीवर लिहिलेल्या टीका, सगळ्या हिंदीत. पूर्ण बायबलावर. विकत घ्यावा लागतो, पण नमुना फुकट. त्यानं नमुना तुझ्या फोनात टाकून दिला. वाचायचंही काम नाही, बटण दाबलं की एक जाड आवाजाचा पुरुष वाचून दाखवायचा.

तू त्याच गोष्टीवर बोट ठेवलंस. तो बोलायला लागला. सरदार कोण, गाव कोणतं, लढाई कुणाशी. आपण दोघी मान खाली घालून ऐकत होतो. आणि मग तो म्हणाला, "इस विषय में दो मत हैं।"

आणि थांबला. पडद्यावर एक कुलूप. पुढचं ऐकायचं तर पैसे भरा.

तू पुन्हा लावलंस. पुन्हा तो तिथंच येऊन थांबला. ओसरीवर ऊन होतं, रीना आत भाजी चिरत होती, आणि मला वाटलं कुणी तरी दाराआड उभं राहून आपल्याला खेळवतं आहे.

किंमत बघितलीस आणि फोन पालथा ठेवलास. तेवढेच पैसे तुझ्याजवळ होते, आणि ते कशाचे होते ते मला माहीत होतं. स्टीलच्या डब्यात, साड्यांच्या खाली. तुझ्या शवपेटीचे. "माह्या पेटीचा खर्च पोरावर नाई पडला पाह्यजे," हे तू किती वेळा बोलली होतीस. सागवानी फळ्या, पितळी कड्या, आतून पांढरं कापड, सगळं सुताराशी बोलून ठेवलेलं.

मग सुरू झालं आपलं भांडण. हिवाळाभर चाललं ते. मी आले की चहाआधी तेच.

"आमच्या देवळात," मी म्हणायची, "पोथीची एक ओळ वाचतेत आन् तासभर तिचा अर्थ सांगतेत. एक नारळ ठेव, ऐक, घरी जा. अर्थ विकत घ्याचा असते का?"

"तुमचे महाराज दक्षिणा घेत नाई का?"

"जे देशीन ते घेतेत."

"हाव, आन् जो कमी देते त्याच्याकडे पाहातेत कसे, ते मी पाह्यलं आहे. याईचा भाव लिवून तरी आहे."

"आन् मेल्यावर तुले काय चादरीत नेऊ?"

"ने. मले थंडी वाजनार नाई." मग आवाज खाली आणून, "पेटीत चांगली झोपीन आन् हे माहीत नसन, तं ते झोपनं आहे का कमल?"

मी काय करू? एका खेपेला मी बाजारातून चांगला मोठा कोहळा घेऊन आले. आमच्यात हीच रीत. माझ्या आजेसासूनं शेतातल्या देवाला बोकड बोलला होता, आणि पुढच्या पिढीला ते सोसेना, तेव्हा जाणत्यांना विचारून बोकडाच्या जागी कोहळा कापायला सुरुवात झाली. देवानं घेतला. पिकंही आली. मी तुझ्यापुढे कोहळा ठेवला आणि सांगितलं, नवस पालटता येतो, फक्त विचारावं लागतं.

तू त्या कोहळ्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "कमल, आमचा देव भाजी घेत नाई वं."

किती हसलो गं आपण. रीना आतून बघायला आली. पण तू तो कोहळा चिरू दिला नाहीस, तेही मी बघितलं. कपाटावर ठेवून दिलास. रीनाला त्याचे सांडगे करायचे होते तरी.

तिच्याशी तुझे खटके त्याच दिवसांत सुरू झाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ती लोधीखेड्याला जायला निघाली, तू आडवी आलीस. म्हणालीस, इथंच. आणि दुसरं ते दाराचं. तिला कुठंही जायचं असलं, दवाखान्यात, चर्चला, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात, की तू लगबगीनं पुढे व्हायचीस. आधी तुझा पाय उंबऱ्याबाहेर, मग तिचा. पोटुशी बाई दारात ताटकळायची आणि तू चपला शोधायचीस. एकदा तिनं माझ्याजवळ डोळ्याला पदर लावला. "मावशी, आईले काय मान पाह्यजे? मी कधी काई बोलली का त्याईले? पन दरवेळी त्याच पहिल्या निघतेत."

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "म्हाताऱ्या मानसाची लहर असते, बाई." तुझ्याकडे बघितलं तर तू दारातून बाहेर बघत होतीस, रस्त्यावर कुणी येत असल्यासारखी.

सातवा महिना लागला तेव्हा तू मला शेवटचं विचारलंस. "सांग. घेऊ का नको?"

मी म्हटलं, "बाळंतपण होऊ दे. मंग घे."

"मंग घेऊन काय करू?" म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडून पैसे पास्टर साहेबांच्या हातात ठेवलेस. त्यांनी संच घेऊन दिला.

त्यानंतरच्या गुरुवारी मी आले. तू ओसरीवर. मी पायरी चढता चढताच विचारलं, "खुललं का कुलूप?"

"खुललं."

"मंग? काय म्हनतेत विद्वान?"

तू माझ्याकडे अगदी गंभीर तोंड करून बघितलंस. "दोन मतं आहेत."

"ते तं फुकटात बी होतं!"

"हाव. आता पैसे भरून आहेत. अर्धे म्हनतेत जाळली. अर्धे म्हनतेत जिती ठेवली, देवाच्या कामाले, बिनलग्नाची. येकमेकाले नावं ठेवून राह्यले, पानंच्या पानं."

आपण इतक्या हसलो की तुझी कवळी सुटली. तू ती हातात धरून हसत होतीस. हसता हसता माझ्या लक्षात आलं, तुझे खांदे हसण्यानं हलत नव्हते.

पण तू तिथं थांबणारी नव्हतीस. सगळी टीका ऐकत बसायचीस, एकाची संपली की दुसऱ्याची. तो जाड आवाजाचा माणूस तुझ्या घरातलाच झाला. रीना म्हणायची, आमच्या घरी एक पाहुणा आला आहे, जेवत नाही पण बोलणं थांबवत नाही. आणि रीनाचे दिवस भरत आले तेव्हा तू मला बोलावून घेतलंस. दार लावलंस. पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर रक्त दिसलं मला.

"कमल, तुया कोहळा बराबर होता."

"म्हंजे?"

मग तू सांगितलंस. मारली म्हणणारे आणि जगवली म्हणणारे, दोन्हीकडचे कितीतरी जण एका जागी येऊन एकच बोलतात. त्या बापानं कुणाला विचारलंच नाही. जुन्या नियमात सोय होती. माणूस नवसात बोलून गेलं तर याजकाकडे जायचं, तो त्या माणसाची किंमत ठरवतो, चांदीत. ती भरायची, माणूस मोकळं. आणि बोलणारा गरीब असला तर त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरवायची. एवढं सगळं लिहिलेलं होतं आणि तो सरदार आपल्या शब्दाच्या तोऱ्यात राहिला. "त्याले कोनी कमल नव्हती," तू म्हणालीस. "भाजी घेऊन येनारी."

मी म्हटलं, "मंग भर ना किंमत! बसली काहून?"

तू हात पसरलेस. रिकामे. आणि मग मलाही कळलं. जे होतं ते तू हे शोधायला घालून बसली होतीस.

"भरीन," म्हणालीस. "पेन्शन येईन, भरीन. तसं बी आत्ता भरता येत नाई. महिन्याच्या आतल्या लेकराची किंमतच लिवली नाई तिथी. महिना झाल्यावर मोजतेत." मग जरा थांबून, "तवरोक ते कोनाचं असते, ते बी लिवलं नाई."

पोरगी झाली. तू दवाखान्यातून फोनवर ओरडलीस, "कमल, पोट्टी! स्वस्तात सुटली मी. याईच्या यादीत सगळ्यात कमी भाव पोरीचा आहे!" आणि फोनवरच रडलीस. दवाखान्यातून घरी आणताना पण तूच पहिली दाराबाहेर निघालीस, हे मला रीनानं नंतर सांगितलं. मी बघायला आले तेव्हा तू पोरीला मांडीवर घेऊन बसली होतीस, आणि मी तिच्या कपाळाला हात लावला तर म्हणालीस, "आत्ता काई बोलू नको. तीट लावू नको, आशीर्वाद देऊ नको. महिना भरू दे."

तेच तुझं मला शेवटचं वाक्य. तेव्हा कुठं माहीत होतं? मी नेहमीसारखी, "येते वं," म्हणून बस धरायला निघाले.

रीना पोरीला लस टोचून आणायला निघाली होती. सकाळची वेळ. पोरीला दुपट्यात गुंडाळलं, विजयनं गाडी काढली. तू आतून घाईनं आलीस, "थांब, थांब, मी पहिले," म्हणत. उंबरा ओलांडलास, पायरीवर आलीस आणि बसलीस. रीनाला वाटलं चपला घालायला बसल्या. ती दारात पोर घेऊन उभी राहिली, थोडी चिडून, नेहमीसारखी. मग तिनं हाक मारली. मग विजयनं गाडी बंद केली.

डॉक्टर म्हणाले हृदय. वय झालं होतं, आधीच दुखत असेल, अंगावर काढलं असेल. मी मान हलवली. मनात तो जाड आवाज म्हणाला, इस विषय में दो मत हैं।

पेटी तुला सागवानी मिळाली नाही. पण चादरीतही नेलं नाही, बरं का. माझ्या मुलानं या खोलीतले जुने लाकडी खोके उकलले, आता सगळे प्लास्टिकचे क्रेट वापरतात म्हणून पडूनच होते, आणि पांढुर्ण्याच्या सुतारानं त्या फळ्यांची पेटी जोडली. आतून तुझीच एक पांढरी साडी. माती देताना लोक एकमेकांकडे बघत होते, संत्र्याचा वास कुठून येतो म्हणून. तुझ्या अंगणातल्या झाडाचा नाही, एवढं मला माहीत होतं. त्याची पानं त्या आठवड्यात गळायला लागली होती.

परवा विजय आला होता इथं. तुझा फोन घेऊन. खोक्यावर बसला, बराच वेळ फोन हातात फिरवत राहिला. त्याच्या बोटाचा धक्का लागून तो माणूस बोलायला लागला, आपल्या त्याच गोष्टीवर, तू जिथं थांबवला होतास तिथून. विजयनं दचकून बंद केला.

"मावशी," म्हणाला, "आईनं हे कायले घेतलं असन? तिच्या पेटीचे पैसे होते ते. मले माहीत होतं. लोकाईच्या खोक्याच्या पेटीत गेली माही माय, आन् पैसे या बोलक्या मानसाले. मी कंपनीले लिवतो, परत घ्या म्हनतो. वायाच गेले ना? तुमीच सांगा, तुमी तं ओसरीवर बसत होत्या तिच्यापाशी."

एस्तर, तेव्हा माझ्या जिभेवर नदी आली होती. तो ज्या पेरूच्या झाडावर बसला होता ते झाडही आलं होतं. पण न फिटलेला नवस लेकराच्या बापाला सांगत नाहीत, आमच्यात तरी नाही. आणि घरी पाळण्यात पोर झोपलेली.

मी म्हटलं, "नको परत करू."

"काहून?"

"तुह्या मायनं त्यातून एक गोष्ट काढली. तेवढ्यात पैसे फिटले."

"कोनती गोष्ट?"

"मोठी झाली की पोरीले सांगीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. तुझेच डोळे आहेत गं त्याचे. मग फोन खिशात घालून गेला. परत करणार नाही, असं मला वाटतं. हिवाळाभर मी तुझ्याशी भांडले, अर्थ विकत घ्यायचा नसतो म्हणून. आता विचारतेस तर सांगते, महाग होता. फार महाग. पण तो नसता घेतलास तर आज माझ्या हातात काहीच नसतं, फक्त एक कोहळा असता.

उद्या रविवार. त्या सकाळचं टोचणं राहूनच गेलं, म्हणून पोरीला आता पहिल्यांदाच घराबाहेर काढणार, थेट चर्चला नेणार. माझ्या पदराला चांदीची जोडवी बांधलेली आहेत. तुझे भाऊजी गेल्यावर पायातून काढून ठेवली होती ती, जड आहेत, माझ्या सासूनं घातलेली. अर्पणाची थैली फिरेल तेव्हा टाकणार. पास्टर साहेबांना मी फोनवर विचारून घेतलं, "एवढी चांदी पुरते का?" ते म्हणाले, "मावशी, कशासाठी?" मी म्हटलं, "लेकरासाठी." ते म्हणाले, "मनापासून दिलेलं सगळं पुरतं." म्हणजे याजकानं किंमत ठरवली ना गं? की त्याला ठाऊक नसताना ठरवलेली धरत नाहीत? आणि दुसऱ्या देवाच्या बाईनं भरलेली? याच्यावर कुणी टीका लिहिली आहे का? असेल तर तिथंही दोन मतं असतील, आणि तुला विचारायची सोय नाही.

आज सकाळी रीनाचा फोन आला होता. आवाज बसलेला, पण म्हणाली, "मावशी, उद्या सकाळीच या. आन् पोरीले तुमीच घ्या. आई असत्या तं त्याच घेऊन निघाल्या असत्या."

"नाई वं," मी म्हटलं. "पोर तुयापाशीच राहू दे. घट्ट धर. दारातून पहिली मी निघीन."

ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली ती, एस्तर. म्हणाली, "तुमी बी आईसारख्याच निघाल्या. तुमाले बी मान पाह्यजे."

"हाव," मी म्हटलं. "मान पाह्यजे."